त्रेचाळीस नंबरचं ‘हाय’

भर दुपारी समोरच्या घरातून ‘हाय! हाय! हाय!’ असा आरडाओरडा ऐकू आला आणि मी नि माझी बायको बसम्मा ताटावरून तसेच उठलो. बसम्मा म्हणाली, “अय्यो, रामकिशनला काय झालं की काय!” मला वाटलं, जिल्हा कृती समितीचा मोर्चा कुणाच्या तरी नावानं हाय हाय करत गल्लीत शिरला. दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. उदगीरमध्ये त्या वर्षी माणसं दोनच गोष्टी बोलत होती, पाणी कधी येणार आणि आपला वेगळा जिल्हा कधी होणार.

खरकट्या हातानं आम्ही समोर धावलो. आत कुणी मेलं नव्हतं. सिंधु सूर्यवंशी आणि तिची आठवीतली पोरगी संघमित्रा, दोघी मोबाइल पाण्याच्या रिकाम्या पिंपाला टेकवून त्याच्यापुढे बसल्या होत्या. पडद्यावर मोठ्या डोळ्यांच्या मुली ओळीत उभ्या होत्या आणि सिंधु त्यांच्याबरोबर ओरडत होती.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“ॲनिमे बघायलोय, सर!” संघमित्रा म्हणाली.

मला ऐकू आलं ॲनिमिया. मी म्हणालो, “मग दवाखान्यात जा, गूळ-शेंगदाणे खा, ओरडता कशाला?” त्यावर दोघी माय-लेकी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मला राग आला. एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला असं कुणी हसलेलं चालत नाही.

“जपानचं कार्टून हाय सर, रक्ताचं न्हाई,” सिंधु डोळे पुसत म्हणाली. “तुमाला एक गंमत दाखवते. ही बाई नाव घेती बघा... आता ऐका.”

पडद्यावरच्या चष्मेवाल्या बुटक्या मुलीनं एक नाव पुकारलं. समोरून खणखणीत उत्तर आलं, “हाय!”

“ऐकलं? जपानात बी हजेरीला हायच म्हणतात! आपल्यावानी!”

“जपानात काही का म्हणेनात,” मी म्हणालो, “मराठीत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतात.” आणि परत येऊन जेवायला बसलो. ती माझ्याकडे जरा वेगळंच बघून हसली होती, हे मला दुसऱ्या घासाला जाणवलं. पण तिथेच विसरलो.

सिंधु डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. नवरा रामकिशन मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. दुष्काळानं मोंढ्यात माल नाही, मिल दोन दिवस चालू नि चार दिवस बंद, म्हणून दोघंही घरात. पोरीला करमावं म्हणून सिंधुनं मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं आणि सांगितलं, “कार्टून भरून द्या.” दुकानदाराला घाई होती. त्यानं न बघता एक आख्खं जपानी फोल्डर ओतून दिलं. बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. दुसरी कुणी असती तर कार्ड परत नेऊन भांडली असती. सिंधुनं पोरीला इंग्रजी वाचायला बसवलं आणि मराठीत सांगायला लावलं.

गोष्ट होती रस्सीखेचीची. डोंगरातल्या एका शाळेत मुलींचा रस्सीखेचीचा संघ. आठजणी पुऱ्या झाल्या नाहीत तर संघ बंद. कशाबशा आठ जमतात. एक रडकी, एक आळशी, एक कुणाशी न बोलणारी. पुढारी सगळ्यांत बुटकी. तिच्यात जोर नाही, पण रोज सकाळी मैदान झाडून ती नावं पुकारते आणि प्रत्येकीकडून ‘हाय’ आल्याशिवाय दोराला हात लावू देत नाही. एकदा त्या न बोलणाऱ्या मुलीला ताप येतो. तिचं नाव पुकारल्यावर सगळं मैदान गप्प. मग उरलेल्या सातजणी एकदम तिच्या वाटचं ‘हाय’ म्हणतात. हा भाग सिंधुनं किती वेळा पाहिला असेल, देव जाणे. मिलमधल्या बायकांना सांगितला, दळणाच्या रांगेत सांगितला. हरल्यावर त्या मुली समोरच्या संघाला कमरेत वाकून नमस्कार करतात, हेही तिला फार आवडलं. एका संध्याकाळी भाजी खारट झाली तेव्हा ती रामकिशनपुढे तशीच वाकली. तो बिचारा ताट घेऊन भिंतीला सरकला.

मी हे सगळं ऐकून नाक मुरडत होतो. बाई तिशी ओलांडलेली, घरात पाण्याचा थेंब नाही आणि कार्टून कसली बघते, असं वाटायचं. माझ्या दारात बोअर होती ना! चारशे फूट. तिच्यापायीच शेजारच्या बसलिंगप्पाशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. मी बोअर पाडली त्याच उन्हाळ्यात त्याची आटली. “सरनं माझं पाणी ओढलं,” असं तो सगळ्या उदगीरला सांगत फिरायचा. बसलिंगप्पा आमच्या गल्लीचा जिल्हा-पुढारी. उदगीर जिल्हा झाल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही, असं म्हणून तो उन्हाचा अनवाणी हिंडायचा. त्याचे चटके बसलेले पाय मला माझ्या खिडकीतून दिसत.

गल्लीत टँकर दिवसाआड यायचा. येताना दिसला की माणसं वर चढायची, झाकणातून वीस-वीस पाइप आत, खाली घागरींची आदळआपट. एप्रिलच्या मध्याला या गोंधळात कुणाची तरी कळशी चालक ग्यानोबाच्या कपाळावर बसली. तीन टाके पडले. ग्यानोबा म्हणाला, या गल्लीत मी गाडी घालणार न्हाई. मग पाणीपुरवठ्याचे साहेब आले आणि स्पष्ट सांगून गेले: “एक मेपर्यंत बघतो. तोवर पुन्हा मारामारी झाली तर टँकर मोठ्या रस्त्याला उभा राहील. तिथून न्या.” मोठा रस्ता आमच्यापासून दीड किलोमीटर. गल्लीत निम्मी घरं म्हाताऱ्यांची. नागुबाईसारखी एकटी बाई दीड किलोमीटरवरून घागर आणणार कशी? सगळे एकमेकांवर ओरडले नि घरी गेले.

पुढच्या खेपेला टँकर वळणावर दिसला आणि सिंधु मारुतीच्या ओट्यावर चढली. हातात संघमित्राची वही. त्याआधी पहाटेपासून तिनं टँकर उभा राहायची जागा झाडून काढली होती आणि घरोघर जाऊन नंबर सांगितले होते. बेचाळीस घरं, बेचाळीस नंबर. माझी बोअर चालू, म्हणून माझा नंबर नव्हता.

“पाइप एकच लागंल,” ती ओरडली, “आन् तो ग्यानोबाभाऊ लावतील! मी नंबर घेते. हाय म्हणायचं आन् चार घागरी फुडं करायच्या. हाय न्हाई आलं तर पाणी न्हाई!”

लोक हसले. पोरं ‘हाय हाय’ करून नाचली. पण तिनं ‘एक’ म्हटलं आणि ती थांबून राहिली. टँकरही थांबलेला. शेवटी पहिल्या घरातला माणूस पुटपुटला, “हाय.” “मोठ्यानं!” “हाय!” आणि काय सांगू, पाणी सुरू झालं! नऊ नंबरला नागुबाईचं नाव होतं, तिचे गुडघे धरलेले, ती आलीच नव्हती. सिंधु म्हणाली, “नागुबाईच्या शेजारचं कोण? त्यांनी हाय म्हणायचं आन् भरून द्यायचं.” शेजारीण कुरकुरली, पण म्हणाली. तिसऱ्या खेपेपर्यंत गल्लीला नादच लागला. खिडकीत उभा राहून मी बघायचो. खोटं कशाला बोलू, मजा यायची. बसम्मा तर भाकरी टाकून ओट्यापाशी जाऊन उभी राहायची.

सव्वीस एप्रिलला माझ्या बोअरनं दोनदा हवा ओकली आणि ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, घागरी घेऊन मी रांगेच्या शेवटी उभा राहिलो. बसलिंगप्पानं एकदा माझ्याकडे बघितलं नि मान वळवली. सिंधुनं वहीत माझा नंबर वाढवला. सगळे झाले आणि तिनं पुकारलं, “त्रेचाळीस!”

“उपस्थित,” मी म्हणालो.

सगळी रांग वळून बघायला लागली. सिंधु वही छातीशी धरून म्हणाली, “सर, हितं हाय म्हणायचं.”

“मी शुद्ध बोलतो. ‘हजर’सुद्धा मी कधी चालू दिलं नाही वर्गात. उपस्थित म्हणजे उपस्थित.”

“मला ठाव हाय, सर,” ती शांतपणे म्हणाली. “सातवी ब मधी मी हजेरीला हाय म्हणले. तुमी म्हणलात, जोवर उपस्थित म्हणत न्हाईस तोवर तू अनुपस्थित. आठ दिवस मी वर्गात बसून गैरहजर होते. तवापासून वर्गात तोंड न्हाई उघडलं मी.”

मला खरंच आठवत नव्हतं. हजारो पोरं हाताखालून गेली. पण असं मी केलं असणार, याबद्दल मला जराही शंका नव्हती. संताप आला, आणि तो कुणाचा हे न कळून जास्त आला. घागरी तिथेच टाकून मी घरी निघून आलो.

दहा मिनिटांनी चारही घागरी भरून दारात. माझ्या वाटचं ‘हाय’ कुणी म्हटलं, असं विचारलं तर बसम्मा म्हणाली, “सिंधुनंच. ओट्यावरून.” आणि मग पदरात तोंड घालून हसली. “अहो, घरात तर तुमी बी हायच म्हणता की. काल बोअरपाशी काय म्हणलात? ‘हाय का गं पाणी?’”

एक मेचा दिवस उजाडला. मधल्या खेपेला बसम्मा रांगेत गेली होती, आज घागरी घेऊन मीच शेवटी उभा होतो. टँकर आला, पाठोपाठ झेंडावंदन उरकून कडक पांढऱ्या कपड्यांत साहेब आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. आज काय ते ठरणार होतं. त्यात आज जिल्ह्याची घोषणा होणार अशी चार दिवस हवा होती. रांगेत भांडणं लागली होती ती एवढीच की कलेक्टर कचेरी कुठे व्हावी.

अकरा नंबर चालू असताना चौकात फटाके वाजले. कुणीतरी बोंब मारली, “झाला! जिल्हा झाला!”

मग कोण थांबतं! बसलिंगप्पा तर अनवाणी असा सुटला की त्याचं उपरणं रांगेतच पडलं. निम्मी रांग त्याच्यामागे. माझेही पाय दोन पावलं निघाले होते. घागरी जागच्या जागी उभ्या, माणसं गायब. मागे राहिलेल्यांची नजर टँकरकडे. साहेबांनी हाताची घडी सोडली.

“बारा!” सिंधु ओरडली. आवाज फाटला तिचा.

कुणी नाही. मग शेजारची म्हातारी हात वर करून म्हणाली, “हाय! माझा शेजारी हाय!” तेरा. “हाय!” चौदा, पंधरा, सोळा. एकेक माणूस दोन-दोन घरांचं ओरडत होता. ग्यानोबासुद्धा पाइप धरून हसायला लागला.

“सतरा!”

सतरा म्हणजे बसलिंगप्पा. त्याच्या एका बाजूचं घर कुलूपबंद. दुसऱ्या बाजूला मी.

मी माझ्याच घागरी उगाच सरळ करायला लागलो. चार वर्षांचं भांडण आड आलं. “कुणी न्हाई तर फुडं घ्या!” मागून एकानं आवाज दिला आणि दुसरा पाइपकडे झेपावला. तिसऱ्यानं त्याचा दंड धरला. एक घागर लवंडली. साहेब एक पाऊल पुढे आले. सिंधु ओट्यावरून माझ्याकडेच बघत होती. तिनं फक्त पुन्हा एकदा म्हटलं, “सतरा?”

“हाय!” मी ओरडलो. “हाय! बसलिंगप्पा हाय! त्याच्या घागरींना कुणी हात लावायचा न्हाई!”

पाइपकडे झेपावलेला मागे सरला. मी वाकलो, बसलिंगप्पाच्या घागरी पुढे केल्या आणि एकेक भरून बाजूला ठेवली. कंबर मोडून गेली. असा आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

बेचाळीस नंबर झाला तोवर चौकात गेलेली माणसं घाम पुसत परत आली. जिल्हा-बिल्हा काही झाला नव्हता. कुणाच्या तरी लग्नाचे फटाके होते. रांगेत येऊन बघतात तर प्रत्येकाच्या घागरी काठोकाठ भरलेल्या. बसलिंगप्पानं आपल्या घागरी मोजल्या. मग विचारलं, “कुणी भरलं?” नागुबाईच्या शेजारणीनं माझ्याकडे बोट केलं. त्यानं जमिनीवरचं उपरणं उचललं, झटकलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाला, “जिल्हा न्हाई झाला, सर.”

“होईल की,” मी म्हणालो. “तू तेवढी चप्पल घाल.”

साहेब ग्यानोबाला सांगत होते, “परवा गाडी इथंच आण.” बायकांनी टाळ्या पिटल्या. संघमित्रा उड्या मारत होती. सिंधु मात्र ओट्यावरच उभी होती, कारण एक नंबर राहिला होता.

“त्रेचाळीस!”

“सिंधु,” मी पुढे होऊन म्हणालो, “ते आठ दिवस... चुकलं माझं.”

तिनं वहीतून वर बघितलं. डोळे भरले होते, पण ओठ हसत होते. पडद्यावरच्या त्या बुटकीसारखी ती मला कमरेत वाकली आणि मग सरळ उभी राहिली.

“हाय,” मी म्हणालो.

तिनं वहीत खूण केली नाही. एकतीस वर्षं मी प्रत्येक वर्गात जे म्हणत आलो, तेच मला गल्लीदेखत ऐकवलं: “मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं न्हाई.”

मी छाती भरून श्वास घेतला आणि मागच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणालो, “हाय!”