लग्नापुरते मार्तंडकाका

नागावात लग्न ठरलं की आधी हॉल, मग आचारी आणि तिसरे मार्तंडकाका. दोन्ही घरांची नावं गुंफून मंगलाष्टकं लिहायची ती त्यांनीच. शाळेतून निवृत्त झालेला, पोफळीची वाडी सांभाळणारा माणूस. कुणाला नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एवढी माणसं आपल्या ओळी ऐकून डोळे पुसतात, म्हणजे आपण यांचे कवीच की, असं काकांना वाटे. हा गैरसमज त्यांनी मोठ्या प्रेमाने पोसला होता.

म्हणून माघात गावातल्या पोरांनी कवितेची स्पर्धा ठेवली, तेव्हा काकांनी आपणहून नाव दिलं. परीक्षक कुणी नव्हते. ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर दारात एक सुपारी ठेवली जात होती. ज्याची कविता आवडेल त्याच्या परडीत ती टाकायची. बक्षिसाची काकांना पडली नव्हती. अंबिकाकाकू गेल्यावर त्यांनी एकच कविता लिहिली होती, कुणालाही न दाखवलेली. ती या लोकांनी ऐकावी, एवढंच त्यांना हवं होतं.

"तू गेलीस, त्या दिवशी पंप बंद करायचा राहिला,
पोफळीच्या मुळाशी पाणी साचत राहिलं..."

"काका, रडवताय काय? आमच्या लग्नातलं म्हणा की!" मागून दिपेश ओरडला. हशा पिकला. बायकांनीही 'म्हणाच, म्हणाच' लावलं. काका थांबले, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाले. कविता संपेपर्यंत निम्मे लोक भज्यांकडे वळले होते. नंतर विहंगने मुंबईच्या पाहुण्यांची टिंगल करणारी कविता म्हटली आणि त्याची परडी ओसंडली. काकांच्या परडीचा तळ दिसत होता.

"मनाला लावून घेऊ नका हं," विहंगची आई किशोरी म्हणाली. "तुम्ही काय, घरचेच! म्हटलं, तुम्हाला बाकीचे देतीलच. आणि हो, वैशाखात विहंगचं लग्न आहे. मुलगी किहीमची, वल्लरी. मंगलाष्टकं तुमचीच."

घरचेच! घरच्या माणसाचं ऐकायचं नसतं, त्याच्याकडून फक्त करून घ्यायचं असतं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही लिहिणार," ते म्हणाले.

गावभर झालं, म्हातारा हरला म्हणून रुसलाय. समजूत काढायला कुणी फिरकलं नाही.

वैशाखात काका लग्नाला गेले. गावात राहून न जाऊन सांगता कुणाला? अंतरपाट धरला गेला आणि माईकवरून त्यांच्याच ओळी आल्या, दिपेशच्या लग्नातल्या. दिपेश आणि साक्षीच्या जागी विहंग आणि वल्लरी. वल्लरीपाशी ओळ लंगडली, पण ज्यांना डोळे पुसायचे होते त्यांनी पुसलेच. सगळ्यांबरोबर काकांनीही अक्षता टाकल्या.

जेवताना किशोरी मुद्दाम त्यांच्या पानाशी आली, जिलबी वाढली.

"बघा काका, जुनीच चालली की," ती अगदी प्रेमाने म्हणाली. "उगाच तुम्हाला त्रास दिला असता."