संडासापर्यंतचा कठडा

आमच्या घरात मशीन विकत आणायचं खातं नवऱ्याकडे आणि ते चालवायचं खातं माझ्याकडे आहे. ही वाटणी कोणी बसून केलेली नाही. हे बियाणं आणायला आदिलाबादला जातात आणि येताना पिशवीत काहीतरी गुरगुरणारं घेऊन येतात. आल्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात, दुसऱ्या दिवशी स्वतः चालवून बघतात, आणि मग ते खिळ्याला लटकतं. त्यानंतर कधीतरी मी ते खाली काढते. फवारणीचा पंप असाच माझा झाला, भिंतीला भोकं पाडायचं मशीनही असंच झालं, आणि लोखंड कापायचा कटरही.

कटर म्हणजे सुताराकडे असतो तसाच, हातात धरून चालवायचा, गोल पात्याचा. फक्त याचं पातं लोखंडासाठीचं, बारीक कडक दातांचं. दोडक्याच्या मांडवाला पाइप कापायचे म्हणून हे तो घेऊन आले. पहिलाच पाइप कापताना एक तापलेला कण यांच्या चपलेत शिरला. हे एका पायावर अंगणभर फिरले आणि मशीनमध्ये दोष आहे असं जाहीर केलं. दोष चपलेत होता. मी दुकानदाराला फोन लावून लावून त्याचं डोकं खाल्लं, फोनवरचे व्हिडिओ बघितले, बंद बूट घातले आणि मांडव उभा केला. तेव्हापासून गावात मला कटरवाली म्हणतात. असं म्हणू नका बापा, असं मी लाजून सांगते आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगते.

हा मांडव झाल्यानंतरच्या हंगामात आत्याबाई पडल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन घरी आल्या. हाड बरं जुळत होतं. अडचण वेगळीच निघाली. आमचा संडास अंगणाच्या मागच्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडे. वाटेत ओबडधोबड फरशा, आणि त्यांच्या सांध्यांत वॉकरचे पाय रुतायचे. म्हणून एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं हे, अशी त्यांची ने-आण सुरू झाली.

“सासरी आली तवा बी आपल्या पायानं आली मी,” त्या म्हणाल्या. “आता संडासाले वरात काढता काय माही?”

आणि त्यांनी पाणी सोडलं. सांगून नाही. सकाळी खाटेजवळ ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला दिसायला लागला. चहा अर्धा कपच चालेल म्हणायच्या, पित्त होतं म्हणून. ज्या बाईनं उभ्या जन्मात पित्त हा शब्द फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता, तिला पित्त! ओठ फाटले, लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टर फोनवर आमच्यावर ओरडले आणि आम्ही आत्याबाईंवर. त्या आपल्या शांत.

“तहानच नाई लागत, त्याले मी काय करू?”

मागच्या दारापासून संडासापर्यंत डाव्या हाताला सलग भिंत आहे. तिच्यावर पाइपचा कठडा बसवला तर एक हात पाइपवर, दुसऱ्या हातात काठी, आणि कोणाचा खांदा नको. गावातला वेल्डर म्हणाला, आठ दिवसांनी बघू, सध्या कापसाच्या ट्रॉल्यांची कामं आहेत. तो लगेच आला असता तरी पंचाईतच होती. कापसाचे दिवस होते. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, ओसरीवर ढीग, ढिगावर ताडपत्री. या दिवसांत आमच्याकडे देवापुढची उदबत्तीसुद्धा मागच्या अंगणात लागते आणि बिडीवाला पाहुणा रस्त्यावर उभा राहून खुशाली विचारतो. अशा घरात वेल्डिंग करायचं आणि ग्राइंडर चालवायचा म्हणजे वर्षभराच्या मेहनतीला आपल्याच हातानं काडी लावायची. ग्राइंडर लोखंड घासून कापतो, दिवाळीच्या झाडासारखा ठिणग्यांचा फवारा उडवतो. माझा कटर दातांनी कुरतडतो आणि भुसा पाडतो. ठिणगी अगदीच नाही असं नाही, पण फवारा नाही. वेल्डिंगही नको, पाइप भिंतीला ब्रॅकेटनं आणि कोपऱ्यात एल्बोनं जोडायचा. मी यांना सामानाची यादी तोंडी सांगितली आणि “दुसरं काहीही आणायचं नाही” हेही सांगितलं. तरी हे एक टॉर्च घेऊनच आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणाच्या पार मागच्या कोपऱ्यात, उकिरड्याच्या बाजूला मांडामांड केली. वारा घराकडून शेताकडे होता. खालची जागा झाडून त्यावर पाणी मारलं, एक बादली भरून जवळ ठेवली. मदतीला हे आले ते थेट कापूस मोजून. केसांत कापूस, सदऱ्यावर कापूस, मिशीतसुद्धा कापूस.

“तुमी चालती वात दिसून राह्यले,” मी म्हटलं. “जा, आंघोळ करून या.”

“आता? दोन पाइप कापासाठी आंघोळ?”

“नाईतर घरात बसा.”

गेले. मी तोवर नटले. साडीवर यांचा जुना सदरा, बाह्या मनगटाला घट्ट, पदर कमरेला आत खोचलेला, वेणीचा अंबाडा, त्यावर रुमाल, डोळ्यांवर पारदर्शक गॉगल, कानात बोळे, पायात बूट. शेतातलं बुजगावणं माझ्यापुढे नवरी दिसलं असतं. बांगड्या उतरवल्या आणि गळ्याकडे हात नेला, तर मागच्या खिडकीतून आवाज आला. आत्याबाईंची खाट त्याच खिडकीला लागून होती, आणि पाणी सोडलं तरी त्यांनी लक्ष ठेवणं सोडलं नव्हतं.

“काऊन वं? हात काऊन मोकळे केले?”

“मशीन चालवाचं हाये, आत्याबाई.”

“अन् गळ्याले काऊन हात लावला? माहा पोरगा जिता हाये.”

“आई, मी हा काय इथंच उभा हाये,” हे ओल्या केसांनी येत म्हणाले.

“तू चूप राय. तुले कोणं इचारलं?”

मी खिडकीपाशी जाऊन समजावलं. मंगळसूत्र लांब आहे, वाकलं की बाहेर लोंबतं, पोलक्यात खोचलं तरी निसटतं. पात्यात अडकलं तर पोत तुटायच्या आधी मान ओढली जाईल. मांडवाच्या वेळी मी ते गुपचूप डब्यात ठेवलं होतं, कारण तेव्हा आत्याबाई शेतात होत्या. एवढं मात्र मी बोलले नाही. त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्या गळ्याकडे, मग पोराकडे. पोराकडे जरा कमीच.

“आण इकडे,” त्या म्हणाल्या. “खुंटीले अडकवाचं नाई, जमिनीवर ठेवाचं नाई. माह्या हातात दे.”

गजांतून हात बाहेर आला. मंगळसूत्र त्यांच्या सुपारीच्या बटव्यात गेलं, बटवा कमरेला गेला. “सासूपाशी हाये म्हणजे घरातच हाये. काढलं असं होत नाई,” असा त्यांनी निकाल दिला. मी इतकी वर्षं त्यांचे निकाल ऐकतेय, पण एवढा सोयीचा पहिल्यांदाच ऐकला.

मग मशीन. प्लग बोर्डातून बाहेर, आणि मला दिसेल असा समोर. हा माझा नेम आहे; यांच्या भाषेत खूळ. पात्यावरचा फिरायच्या दिशेचा बाण बघितला, मधला बोल्ट किल्लीनं आवळून बघितला. पात्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एक झाकण असतं, त्याला गार्ड म्हणतात. कापताना ते आपोआप मागे सरकतं आणि मशीन उचललं की स्प्रिंगनं टक् करून पात्यावर परत येतं. ते मी बोटानं मागे ओढलं आणि सोडलं.

ते आलंच नाही. पातं दात काढून उघडं, झाकण वरच अडकलेलं.

कारण लांब शोधावं लागलं नाही. दसऱ्याला आम्ही खुरपी, विळे, पंप यांच्यासोबत कटरचीही पूजा केली होती. गार्डच्या दांडीला लाल नाडा गुंडाळलेला होता, आणि स्प्रिंगच्या खाचेत हळदीकुंकवाचा लगदा सुकून दगड झाला होता. त्यात अक्षतांचा एक तांदूळ पाचरीसारखा बसलेला. पूजा मी केली होती. कुंकू लावताना मी हात आखडत नाही, असं माझं माहेरी फार कौतुक होतं.

“एवढंसं तर हाये,” हे म्हणाले. “चालू कर, फिरता फिरता निघून जाईन.”

“फिरते ते पातं. झाकण नाई फिरत. कापून झाल्यावर मी मशीन मांडीजवळ आणीन तवा पातं फिरतच राहीन, अन् वर झाकण नसन.”

हे माझ्या मांडीकडे बघून एक पाऊल मागे सरकले. घरात एक मांडी मोडलेली होतीच.

“काय होऊन राह्यलं?” खिडकी.

“देव अडकला,” हे म्हणाले.

मी नाडा सोडवायला घेतला, तर त्याची गाठ बसलेली. कापू का म्हटलं, तर खिडकीतून “पूजेचा नाडा कापाचा नाई” असा हुकूम. मग सुईनं गाठ सोडवणं आलं. नाडा मशीनच्या पेटीला बांधला. यापुढे पूजा पेटीची होईल असं ठरलं. दातांच्या जुन्या ब्रशनं कुंकू खरवडलं, टोकदार सुईनं तांदूळ काढला. गार्ड सोडला. टक्. पुन्हा ओढला, पुन्हा टक्. तो आवाज मला इतका आवडला की मी उगाचच करत बसले.

“वाजवून झालं असन तर काप आता,” आत्याबाई म्हणाल्या. “ऊन डोक्यावर आलं.”

पाइप गोल, मोकळा ठेवला तर फिरतो. म्हणून यांनी बाभळीच्या ठोकळ्याला खाच पाडून दिली होती (यांचा हात लाकडात चांगला आहे, हे मी मान्य करते, रोज नाही), तिच्यात पाइप बसवून दोन शिकंजे आवळले. कापून पडणारं टोक मोकळं लोंबेल असं ठेवलं, नाहीतर काप मिटतो आणि पातं चिमटतं. पात्याची खोली पाइपाच्या जरा खालपर्यंत. वायर खांद्यावरून मागे. यांनी मायेनं कापडी हातमोजे पुढे केले. मी ते त्यांच्याच खिशात परत घातले. फिरत्या पात्यापाशी सुटा धागा नको. हे लांब, मी पात्याच्या रेषेतून जरा बाजूला. मग प्लग.

आधी पात्याला पूर्ण वेग घेऊ द्यायचा, मगच लोखंडाला टेकवायचं, आणि टेकवल्यावर ढकलायचं नाही, नुसतं सोबत जायचं. कर्कश आवाज होतो, पण हाताला नीट कळतं की दात धरतायत. चांदीसारखा भुसा ओल्या जमिनीवर पडून चुर्र करत होता. पहिला तुकडा ठण् करून पडला. बटण सोडलं, पातं पूर्ण थांबेपर्यंत मशीन हातातच धरलं, मग खाली. गार्ड टक्.

दुसऱ्या तुकड्याच्या अर्ध्यावर करंट गेला. आमच्याकडे तो जायचाच. बोट बटणावरून उचललं, प्लग काढला, पातं कापातून वर घेतलं. बटण तसंच दाबलेलं राहिलं असतं तर करंट आल्यावर मशीननं आपलं आपण काम सुरू केलं असतं. आम्ही कट्ट्यावर बसलो. हे सवयीनं म्हणाले, “आई, पाणी पेतं काय?”

“करंट येऊ दे आदी,” आत्याबाई म्हणाल्या.

ते वाक्य माझ्या कानात अडकून बसलं. पाण्याचा आणि करंटचा संबंध त्यांनी लावला होता, म्हणजे कठड्यावर त्यांचा भरवसा बसला होता. आता तो आजच उभा राहणं भाग होतं.

करंट आला, उरलेले तुकडे झाले. कापलेल्या पाइपची धार ब्लेडसारखी असते. म्हातारं बोट त्यावरून फिरणार, म्हणून प्रत्येक तोंड कानशीनं घासलं, आत-बाहेर. यांनी उंची ठरवायला स्वतःची कंबर भिंतीला लावली. मी त्यांना बाजूला केलं, आत्याबाईंना वॉकरवर दारात उभं केलं आणि त्यांचा हात जिथे आपोआप टेकला तिथे कोळशानं खूण केली. ती खूण यांच्या मांडीवर आली. भोकं मी पाडली, ब्रॅकेट यांनी आवळले. शेवटी मी स्वतः पाइपला लटकून बघितलं. माझं वजन पेललं म्हणजे गावातल्या कोणाचंही पेललं असतं.

दुपार कलली होती. आत्याबाई मागच्या दारात आल्या. वॉकर सोडला, डावा हात पाइपवर ठेवला, उजव्या हातात काठी घेतली. मी नकळत पुढे झाले.

“मांगं सरक. अन् दोघंबी तोंड तिकडे करा. तमाशा हाये काय?”

आम्ही गोठ्याकडे तोंड करून उभे राहिलो. म्हैस मात्र आत्याबाईंकडे बघत होती, तिला कोणी बोललं नाही. मागून काठी टेकल्याचा आवाज, एकदा पाइपवर बांगडी घासल्याचा, मग दाराची कडी आतून. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाइप गार लागला असन तिले.” मी म्हटलं, “पुढच्या वेळी रबर चढवू.”

कडी निघाली. परत येताना काठीचा आवाज जरा जलद होता. खाटेवर बसल्यावर त्यांनी बटवा सोडून मंगळसूत्र माझ्या हातावर ठेवलं. सुपारीचा भुगा त्याच्या वाट्यांत शिरला होता. आजही कधी वाकले की वास येतो.

“बाजारात जाशीन तवा आखीन पाइप आणजो,” त्या यांना म्हणाल्या. “पुढल्या दारापर्यंत ने. ओसरीवर बसाचं हाये मले, रस्ता पाहाचा हाये.”

मग तांब्या उचलला. वरून घटाघटा ओतत त्या प्यायल्या, थोडं हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं तरी थांबल्या नाहीत. रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

“भरून आण. अन् चहा ठेव. अर्धा कप नको.”