ताईच्या झग्याचा रंग

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माझ्या बहिणीचं अकोल्याला, सासरी झालं, कारण तिनं जातीबाहेर लग्न केलं. जाती कोणत्या ते लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा लगेच कोण वर, कोण खाली हे मांडायला बसतो, आणि मला त्याचा कंटाळा आलाय.

आम्ही अमरावतीचे. घराखालीच बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटरी येतात, बाबा तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतात. ताईच्या लग्नानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. 'तिचं नाव काढू नका' असंही कधी म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी फक्त तिच्याबद्दल बोलणं थांबवलं, आणि नातेवाइकांनी कारण पुरवलं: धाकटीचं जमायचं आहे ना अजून. धाकटी म्हणजे मी. म्हणजे माझ्या न झालेल्या लग्नासाठी माझ्या बहिणीचं माहेर बंद. मला कोणी विचारलं होतं?

मी एका चळवळीच्या मंडळात पत्रकं लिहिणारी मुलगी. आंतरजातीय लग्नांवरचं पत्रक मी बस स्टँडवर, कॉलेजांच्या फाटकांवर उन्हात उभं राहून वाटलंय. एकदा बाबांच्याच गिऱ्हाइकानं ते घडी करून मोटरीच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. बाबांनी पाहिलं, मीही पाहिलं. बाहेर शंभर लोकांशी वाद घालता येतो, पण घरात एका माणसाच्या गप्प बसण्याशी कसा घालायचा हे आम्हाला कुठल्या शिबिरात शिकवलं नव्हतं.

बाळ झाल्यावर ताईचा फोन आला. बाळाबद्दल थोडं बोलली आणि मग एकच विचारलं, "बाबा येतीन काय वं बारशाले?"

"आई येईन," मी म्हटलं.

"थे मी नाई विचारलं."

आईला विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "थे येतीन तवा मी येईन." मी आईवर चिडले. ती शांतपणे जुन्या लुगड्याचा पदर फाडत राहिली. जाऊ शकत नव्हती म्हणून ती बाळासाठी दुपटं शिवणार होती. माहेरची गोधडी तरी लेकराच्या अंगाखाली जाऊ दे.

फोटोंची कल्पना माझी. आमच्या मंडळात आम्ही प्लास्टिकचे फ्लेक्स लावत नाही, फलक कापडावर छापून घेतो. तो छापणारा माझ्या ओळखीचा. म्हटलं, माहेर बाळाला भेटायला जात नाही ना, मग माहेरची तोंडंच दुपट्यावर पाठवू. अल्बम काढला तर त्यातले फोटो उन्हाळ्यांनी खाल्लेले. सगळे रंग उडून आमचं सगळं खानदान एकाच तपकिरी रंगाचं झालेलं. म्हणून मोबाइलवर ते काळेपांढरे करून घेतले आणि धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटावर छापले. रंग हातानं भरायचे ठरलं. कापडावरचे रंग पाण्यात पातळ करायचे, म्हणजे खालचा चेहरा बुजत नाही. वाळला की उलट्या बाजूनं इस्त्री फिरवायची, म्हणजे रंग पक्का होतो. मग पाठीमागे लुगड्याचे थर घालून आई धावदोरा घालणार.

काठावर मला एक ओळ शिवायची होती, 'माहेर हा हक्क आहे.' पत्रकाची सवय. शेवटी मागणी हवीच.

"लेकराच्या अंगाखाली भाषण काहून घालतं वं?" आई म्हणाली. "थे त्याच्यावर मुतन."

ओळ राहूनच गेली.

रंग आई सांगायची, मी भरायची. आजोबांचा फेटा लाल, मामाचा बुशकोट राखाडी, आत्याचं पातळ हिरवं. तिला सगळं आठवत होतं. अडलं ते एका फोटोवर. वरुडकडच्या एका संत्र्याच्या मळ्यात बाबा उभे आहेत, तरुण, भरपूर केसांचे, आणि त्यांच्या खांद्यावर ताई बसली आहे. चार-पाच वर्षांची, तोंडाला रस लागलेला, अंगात झालरीचा झगा. मोटर दुरुस्तीला गेले तेव्हा तिलाही सोबत नेलं होतं म्हणे.

"झगा कोणता?" मी विचारलं.

"मले काय माहीत? तवा मी माहेरी होती. तू व्हायची होती." आईनं सुईत दोरा ओवला. "गुलाबी असंन. पोट्टीले गुलाबी लई आवडे."

मी गुलाबी कालवला. बाबा पाणी प्यायला वर आले होते. हे सगळं चाललं होतं ते त्यांना दिसत होतंच, पण ते वळसा घालून जायचे. त्या दिवशी माझ्या मागे थांबले. मला त्यांच्या हाताचा वॉर्निशचा वास आला.

"पिवया," ते म्हणाले.

आईची सुई थांबली. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर शब्द परत घेतील असं वाटलं.

"कोणता पिवळा?"

"हयदीवानी." आणि खाली निघून गेले.

आईनं डोळे पुसले. मी पुसले नाहीत. एका झग्याचा रंग सांगितला, एवढंच. तीन उन्हाळे पोरीचा फोन घेतला नाही त्याचं काय? पण गुलाबी टाकून दिला आणि हळदीसारखा पिवळा कालवला. घाईत भरला, त्यामुळे झालरीबाहेर थोडा गेलाच.

बारशाच्या थोडे दिवस आधी दुपटं आणि मेथीचे लाडू घेऊन मी अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत उभी होते. ताईच्या सासूनं चहा केला, बाळ माझ्या हातात दिलं आणि आमच्याकडून कोणी मोठं माणूस का आलं नाही हे विचारलं नाही. न विचारण्याचीच मला जास्त लाज वाटली.

ताईनं दुपटं पलंगावर पसरलं. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत हसत होती. मग बोट मळ्यातल्या फोटोवर आलं.

"हा पिवया कोनं केला?"

"बाबांनी सांगितला."

तिनं बोट उचललं. "बाबा बोलले?"

"दोन शब्द."

मला वाटलं, आता रडेल. पण तिच्या कपाळावर आठी आली. "पिवया नव्हता थो. मोरपंखी होता. मोठ्या मामानं आनला होता, मी झोपतानाही काढे नाई."

"आई म्हणते गुलाबी."

"आई होती काय तिथं?" तिनं माझा मोबाइल उचलला आणि बाबांना फोन लावला. मी नको म्हणेपर्यंत उचललाही गेला.

"पोचली काय वं?" बाबांना वाटलं मीच.

"बाबा, थो झगा पिवया नव्हता."

पलीकडे दुकानातलं वाइंडिंगचं मशीन फिरत होतं. ते थांबलं. मला वाटलं, संपलं. ठेवतील.

"पिवयाच होता," बाबा म्हणाले.

"मोरपंखी होता. मीच घातला होता न?"

"आन् मी खांद्यावर काय तुह्या मामाले घेतलं होतं? रसाचे डाग पडले थे दिसले बी नाई पिवयावर. मोरपंखीवर दिसले नसते काय?"

"डाग दिसले होते! तुमी हौदावर नेऊन धुतले."

"तोंड धुतलं तुहं. झगा नाई धुतला."

भांडण तापलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मधेच बाळ जागं झालं आणि रडायला लागलं.

"भूक लागली असंन त्याले," बाबा म्हणाले. "पाज." आणि फोन ठेवला.

मी विचारलं, रंग बदलून देऊ का, सोबत आणलेत. ताई बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. "राहू दे," म्हणाली. "मले त्यायच्याशी भांडाचं हाये अजून."

बारशाला बाबा आले नाहीत. हे सरळ लिहिते, कारण ज्यांना ही गोष्ट मी तोंडी सांगितली त्या सगळ्यांनी शेवटी त्यांना मनातल्या मनात एसटीतून उतरवलंच. ते आले नाहीत. आई माझ्यासोबत आली. त्या दिवशी सकाळी उठून तिनं पोळ्या केल्या, झाकून ठेवल्या आणि बाबांना म्हणाली, "तुमी फोनवर बोलता. मले फोनवर लेकरू दिसत नाई." बाबांनी अडवलं नाही, चलतो असंही म्हटलं नाही. दुकानाचं शटर वर केलं.

माझ्या पत्रकाच्या मापानं हे काहीच नाही. कोणी चूक कबूल केली नाही, जात हा शब्दसुद्धा कोणी उच्चारला नाही. ताईला मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "तू दमली. जेव आधी."

आम्ही जेवत असताना तिचा मोबाइल वाजला. या वेळी बाबांनी तिच्याच नंबरावर लावला होता.

"थे दुपटं उन्हात वायू घालू नको," ते म्हणाले. "रंग उडते."

"मंग कुठं घालू?"

"सावलीत."

"आमच्या इथं सावली नाई," ताई म्हणाली. "तुमी या, जागा दाखवा."

त्यांनी हो म्हटलं नाही. पण फोन बराच वेळ ठेवलाही नाही. ताई तो कानाला लावून तशीच उभी होती, आणि आईनं तिच्या ताटातलं वरण पुन्हा गरम करायला नेलं.