छत्तिसाच्या रोलात अडतीस

माझं शिक्षण तिसरी. चौथीत बसलो होतो, पण परीक्षेच्या आधीच हातात गवंड्याची थापी आली ती सुटली नाही. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने लपवलं. रत्नागिरीत आणि आजूबाजूला चिऱ्याची घरं किती बांधली ते मोजलं नाही, पण त्यातली एक भिंत कललेली दाखवा, आजही येऊन पाडून नव्याने बांधून देईन. गुडघे दुखतात, तरी येईन.

असा माणूस फोटोच्या नादाला लागला तो बायकोच्या भावामुळे. तो बोटीवर होता, घर जयगडला. ऐंशीनंतर एका रजेत येताना त्याने जपानी कॅमेरा आणला आणि महिन्याभरात कंटाळून माझ्याकडे टाकला. पुस्तक इंग्रजीत. मी ते ट्रंकेत ठेवून दिलं आणि एकेक आकडा फिरवून काय होतं ते बघत सुटलो. सहा महिन्यांत बरेचसे कळले. कोणाला विचारलं नाही.

आम्ही चौघे होतो. शाळेतले ड्रॉइंगमास्तर, एक दातांचे डॉक्टर, बँकेतला एक कॅशियर आणि मी. महिन्यातून एका रविवारी मास्तरांच्या पडवीत जमायचो. नियम एकच. नवा फोटो टिपॉयवर ठेवायचा आणि कसा काढला ते सगळं खरं सांगायचं. फसला असेल तर कसा फसला तेही.

डॉक्टर मांडवीच्या होड्यांचे फोटो आणायचे. भिंगासमोर पिवळी काच लावली की ढग कसे उठून दिसतात ते समजावायचे. कॅशियरला दीपस्तंभाचं वेड. पण त्याच्या प्रत्येक फोटोत समुद्र एका बाजूला उतरलेला. मी गप्प बसायचो नाही.

"कॅशियरसाहेब, समुद्र सांडतोय. खाली बादली लावा."

तो चिडायचा. "मेस्त्री, सगळ्यांनी काय ओळंबा घेऊन फिरायचं?"

मी फिरायचोच. खिशात भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा असायचा, तो स्टँडला टांगून मी कॅमेरा सरळ करायचो. वाकडा फोटो माझ्या हातून कधी निघाला नाही. आणखी एक युक्ती माझी. सावलीत माणसाचं तोंड काळं येतं. पण चुना मारलेल्या भिंतीसमोर माणूस उभा राहिला की भिंतीचा उजेड त्याच्या तोंडावर परत येतो, हे गवंड्याला फोटोच्या आधीपासून माहीत असतं. म्हणून मी धुतलेलं धोतर माणसाच्या पायाशी अंथरायचो. डोळ्यांत लगेच पाणी चमकायचं. डॉक्टरांनी हे वहीत लिहून घेतलं. तिसरी पास माणसाचं बोलणं डॉक्टर लिहून घेतो, म्हटल्यावर मी जरा फुगलो असेन. असेन काय, फुगलोच.

मास्तर एवढंच म्हणायचे, "मेस्त्री, रोल भरलात की प्रत्येक फोटोनंतर डावीकडची कळ बघत जा. फिल्म पुढे सरकली की ती आपोआप फिरते. नाही फिरली, तर रोल पकडलेलाच नाही."

"मास्तर, रोल भरायला मला शिकवू नका."

आता आक्का. माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, मला तिनेच वाढवलं. तिला दिली होती देवरुखच्या पुढच्या एका गावात. नवरा मुंबईला, पुढे मुलगाही मुंबईला, आणि ही शेताची मालकीण. तिने जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. त्या गावात भिंतीवर फोटो लागायचा तो माणूस गेल्यावर, हार घालून. मी चार वर्षं मागे लागलो होतो. तिचं एकच. "मी काय मेली हाय?"

शेवटी तिच्या खळ्यात मी नवं तुळशीवृंदावन बांधून दिलं. चिरा हाताने तासलेला, चारी कोपरे काटकोनात. त्यावर ती खूश झाली. तुळशीचं लग्न झाल्यावर तिचा निरोप आला, मुंबईला मुलाला दाखवायला वृंदावनाचा फोटो काढ.

"आणि तू?" मी गेल्यावर विचारलं.

"मी बाजूला उभी ऱ्हाते. पण एकदाच हां. परत तो डबा माज्यासमोर आणायचा नाय."

मी दिवसभर फोटो काढले. लग्नाचा ऊस अजून वृंदावनाला बांधलेला होता, तो नीट केला. धोतर अंथरलं. ओळंबा लावला. तिने तीनदा लुगडं बदललं. सकाळचे काढले, दुपारी सावलीतले काढले, उन्हं कलल्यावर पुन्हा काढले. ती घामाने भिजली, पण हू का चू केलं नाही. एकदाच द्यायचं म्हणून सगळं देत होती. कॅमेऱ्यातला आकडा छत्तीसवर गेला तरी फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढला जात होता. मी आणखी दोन काढले.

रविवारी पडवीत रोल टिपॉयवर ठेवला आणि म्हटलं, "छत्तिसाच्या रोलात अडतीस काढलेत. हात लागतो त्याला."

डॉक्टर म्हणाले, "वा!" कपबशी खाली ठेवून मास्तरांनी विचारलं, "शेवटी रोल परत गुंडाळताना कळ जड लागली का?"

"छे! लोण्यासारखी फिरली."

"या आत," मास्तर म्हणाले. "धुऊनच बघू."

त्यांच्या न्हाणीघरात काळे पडदे लावून फिल्म धुवायची सोय होती. आम्ही दोघेच आत गेलो. अर्ध्या तासाने त्यांनी ओली फिल्म डब्यातून काढली आणि पडदा सरकवून उजेडात धरली. टोकाचा वीतभर काळा तुकडा सोडला तर सगळी पट्टी काचेसारखी स्वच्छ. कडेला कंपनीचे आकडे, बस. आक्का नाही, तुळस नाही, ऊस नाही.

फिल्म कॅमेऱ्यात कधी सरकलीच नव्हती. अडतीस वेळा मी नुसता खटका वाजवला होता.

मी न्हाणीच्या कट्ट्यावर बसलो. मास्तर फिल्म चिमट्याला अडकवत हळूच म्हणाले, "बाहेर सांगू, माझं औषध जुनं झालं होतं. बिघडलं."

मला नको म्हणता आलं असतं. दार दोन हातांवर होतं. मी होकारार्थी मान हलवली.

बाहेर येऊन मास्तरांनी तसंच सांगितलं. डॉक्टर त्यांच्यावर उखडले. "मास्तर, बहिणीचा एकुलता एक फोटो! आधी तपासून घ्यायचं नाही?" कॅशियर म्हणाला, "माझे रोल यापुढे मी स्टुडिओत देईन." मास्तर "चुकलंच माझं" म्हणत चहाचे कप गोळा करत होते. आणि मी चपला घालत होतो.

पुढच्या आठवड्यात आक्काकडे गेलो. वाटेत एस.टी.त ठरवलं होतं, खरं सांगायचं. दारात ती दिसली आणि तोंडातून निघालं, "आक्का, मास्तरांचं औषध बिघडलं."

मला वाटलं, आता बोलणी खाणार. ती उलट चुकचुकली. "बिचारा! दुसऱ्याची वस्तू हातून खराब झाली म्हणजे मन किती खातं मानसाचं. जेवला नसंल तो." मग म्हणाली, "काढ परत. नायतर त्याच्या जिवाला लागून ऱ्हाईल." आणि आत जाऊन कुळथाचं गाठोडं बांधून आणलं. "हे त्याला दे. सांग, आक्का रागावली नाय."

गाठोडं मी ओटीवर ठेवलं. दोन शेरांचं असेल, पण उचलताना चिऱ्याएवढं लागलं.

तिला वृंदावनाजवळ उभी केली. स्टँड लावला, ओळंबा टांगला. रोल या वेळी मी तिच्या पडवीत बसून दोनदा भरला होता. खटका ओढला आणि डावीकडच्या कळीकडे बघितलं. फिरली. एक फोटो काढला, खटका ओढला, पुन्हा बघितलं. फिरली.

"मेल्या, माज्याकडे बघ ना. तिकडे काय बघतोस दर येळेला?"

"ही कळ फिरते का बघतोय."

"नाय फिरली तर?"

"तर आत फिल्म सरकली नाही. फोटोच येत नाही."

ऊस हाताने बाजूला केला तिने. "मागल्या खेपेला बघितली होतीस?"

मी ओळंब्याची दोरी सोडवायला लागलो. ती सोडवायची काही गरज नव्हती.

"अरे बाबा, माज्याकडे बघ. बघितली होतीस?"

"नाही."

"मग त्या मास्तराचं औषध?"

"औषध चांगलं होतं."

मला साठीच्या घरातल्या बहिणीच्या हातचा मार खायची तयारी ठेवावी लागली. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "म्हंजे सगळा दिवस तू मला उनात उभी केलीस, तीन लुगडी बदलायला लावलीस, पोट आत घे, हनवटी वर कर, आणि आत काय नव्हतंच?"

"नव्हतं."

"आणि टकटक टकटक वाजवत होतास!"

आणि तिला हसू फुटलं. असं, की वृंदावनाला धरून तिने खाली मुंडी घातली, पदर तोंडावर घेतला, तो सुटला, पुन्हा वर बघितलं आणि परत हसली. "लहानपणी फुटक्या कळशीने आड उपसत होतास तसाच हायस अजून!" मलाही आवरेना. कॅमेरा स्टँडवरून कधी काढला आठवत नाही. धोतर अंथरलेलं नव्हतं, ओळंबा खिशात होता, हात हलत होते. मी एकच दाबला.

निघताना मी गाठोड्याकडे बघितलं. ती म्हणाली, "ते मास्तरालाच दे. तुला त्यातला एक दाना नाय."

पुढच्या रविवारी फोटो टिपॉयवर ठेवला. मास्तरांनीच धुतला होता. मी सांगायला लागलो, तर ते मध्येच म्हणाले, "अहो मेस्त्री, जाऊ दे ना."

"मास्तर, नियम नियम आहे," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. कळ, अडतीस, न्हाणीघर, त्यांचं औषध, माझी मान. कुळीथ त्यांच्यापुढे ठेवले. डॉक्टर उठून मास्तरांजवळ जाऊन बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

कॅशियर फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "मेस्त्री, वृंदावन कललंय. बादली लावू का?"

कललं होतंच. माझं हाताने तासलेलं, काटकोनातलं वृंदावन चांगलं बोटभर डावीकडे झुकलेलं दिसत होतं आणि आक्का त्याला धरून हसत होती. सगळे हसले. मास्तर कात्री घेऊन आले. "कडा जरा तिरक्या कापल्या की सरळ दिसेल. फक्त हिचं कोपर जाईल."

"नको," मी म्हटलं. "राहू दे तसाच."

एक प्रत मुंबईला गेली, एक माझ्या भिंतीवर लागली. आक्का त्यानंतरही पुष्कळ वर्षं शेत करत होती आणि आली की त्या फोटोखाली बसून जेवायची. आजही घर बांधायचं विचारायला कोणी नवखा आला की त्याची नजर तिथे जाते. मुलगा आता काम बघतो, पण बोलणं माझ्याशीच होतं.

तो नवखा विचारतो, "मेस्त्री, हे वृंदावन कोणी बांधलं हो?"

मीच, म्हणून सांगतो. आणि पुढे काही बोलत नाही.