पुरातला खेळ

त्या पावसाळ्यात मी भामरागडच्या दवाखान्यात नर्स होते. माझं गाव सावली, तिकडे चंद्रपूरकडचं. आई-वडील तिकडे आणि मी इथे, पुलावरून पाणी गेल्यामुळे अडकलेली. बस बंद, टपाल बंद. डॉक्टर मीटिंगसाठी चंद्रपूरला गेले ते तिकडेच राहिले होते.

शाळेतल्या गुरुजींकडे तळहाताएवढा एक व्हिडिओ गेम होता. त्यांच्या मेहुण्याने दिलेला. आकाशातून माणसं पडायची आणि खालची होडी डावी-उजवीकडे सरकवून त्यांना झेलायचं, एवढाच खेळ. पण संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर गावातले सगळे सरकारी कर्मचारी जमायचे. खेळणारा एक, ओरडणारे वीस. माझ्या हातात गेम आला की वनरक्षक भाऊ सगळ्यांत मोठ्याने ओरडायचे, "बाई, डावीकडं! अजून डावीकडं!" माणूस वाचला की टाळ्या पडायच्या. दिवसभर तापाचे पेशंट बघून आलेली मी त्या टाळ्यांवर जगत होते.

मग सेल संपले. दुकानात तसले बारीक सेल मिळत नव्हते.

वनरक्षकांनी आपल्या घड्याळातला सेल काढून दिला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी खाली दुमडून गुरुजींनी तो नीट बसवला. पण गेमला दोन सेल लागायचे, आणि सेलवर चालणारं दुसरं घड्याळ फक्त माझ्या मनगटावर होतं.

"तेवढा सेल द्या ना, बाई," वनरक्षक म्हणाले.

"नाडी कशानं मोजू मी, भाऊ?"

"माही बायको तिकडं मूल गावाले बाळंत झाली असंन. पोरगं झालं का पोरगी, काईच माईत नाई मले. इथी नुसतं बसलो की डोक्यात तेच फिरून राह्यलं. तुमच्या पाया पडतो."

ते खरंच वाकले. मी पाय मागे घेतले आणि "नाही" म्हटलं. मी घरी आले.

त्यानंतर माझ्याकडे कोणी चहाला आलं नाही. रस्त्यात भेटले तर लोक मान खाली घालून जायचे. खोलीत कौलांवरचा पाऊस ऐकत बसलं की वाटायचं, आता वेड लागणार. शेवटी एका दुपारी मी घड्याळ काढून गुरुजींकडे गेले.

"घ्या," म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं.

त्यांनी घड्याळ माझ्या हातात परत ठेवलं. "राहू द्या. सेल होते तेव्हा मी एकट्यानं खेळून पाह्यला होता. काईच मजा नाई त्याच्यात. लोकं होते म्हणून खेळ होता, बाई."

पाणी उतरलं. पहिल्याच बसने वनरक्षक मूलला गेले. गुरुजींनी सांगितल्यावरून त्या बसच्या ड्रायव्हरने पुढच्या फेरीला आलापल्लीहून सेल आणले. ओसरी पुन्हा भरली. मला गुरुजींनीच बोलावून घेतलं, गेम हातात दिला. मी होडी सरकवू लागले. मागे सगळे उभे होते, श्वास ऐकू येत होते, पण एकही आवाज उठला नाही. माणसं एकेक करून पाण्यात पडत गेली. खेळ संपल्याची शिट्टी वाजली, तशी शेजारच्या पोस्टमनने माझ्या हातातून गेम घेतला आणि त्याच्यासाठी लगेच आरडाओरडा सुरू झाला.

मी चप्पल घातली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर परतल्यावर पहिलं काम बदलीचा अर्ज देण्याचं केलं. त्यांनी कारण विचारलं. आईची तब्येत, असं सांगितलं.