पत्रिका जुळत नाही

माझ्या धाकट्या बहिणीने ऐन पंचविशीत वजन कमी केलं आणि पुन्हा कधी वाढू दिलं नाही, याचं श्रेय आमच्या नात्यात मला दिलं जातं. कुठल्या तरी लग्नात, पंगतीच्या वेळी हमखास तो विषय निघतो. ती अर्ध्या पानावरून उठते, कोणीतरी आग्रह करतं आणि मग दुसरं कोणीतरी सांगतं, "तिला नका वाढू, तिला तिच्या दादाने शिस्त लावलीय." ती हसून मान डोलावते. मी पानाकडे बघत बसतो. सत्तरी ओलांडली तरी मला त्या वाक्याची सवय झाली नाही. ती शिस्त मी कशाच्या जोरावर लावली हे कोणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही. ते आता लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. बदलापूर पूर्वेला दोन खोल्यांत आई, मी आणि बहीण असे तिघं राहायचो. मी अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअर्सला होतो. बहीण बी.कॉम. होऊन उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात हिशेब लिहायची. अंगाने ती लहानपणापासून भरलेली होती. आई त्याला बाळसं म्हणायची, ती पंचविशीची झाली तरी. तिचं खाणं बघत राहावं असं होतं. तव्यावरच्या आंबोळीवर नजर ठेवून ती ओट्याशी उभी राहायची आणि पहिली आंबोळी तिथेच उभ्याने, बोटं भाजत खायची. आई लटकं रागवायची, "बाय, निदान बस तरी गं."

तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. चामटोलीचे मामा शेती सांभाळून असली कामं हौसेने करायचे. अंबरनाथचं एक स्थळ त्यांनीच आणलं. मुलगा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, उंच, जरा वाकून चालणारा. रविवारी आईवडलांना घेऊन आला. पोहे झाले, प्रश्न झाले, मग रिवाजाप्रमाणे दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं. आतून आम्हाला तिचं हसू ऐकू आलं. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'गप्प कर तिला' म्हणाली.

निघताना मुलाच्या वडलांनी पत्रिका मागून घेतली. "आमच्यात आधी माणूस बघतात, मग कागद," असं काहीतरी ते म्हणाले. मी चप्पल शोधून देण्याच्या गडबडीत होतो, ते वाक्य कानावरून गेलं.

रात्री आईने विचारलं, "काय बोललात एवढं?"

"पोह्यात मीठ कमी होतं म्हणाला."

"अगो बाई. आणि तू हसलीस?"

"मीठ कमी असूनही त्याने दुसऱ्यांदा घेतले, म्हणून हसले."

पुढचा आठवडा ती वेगळीच होती. दुकानातून येताना अबोली आणायची, आईच्या केसांत माळायची, स्वतःच्याही. मला म्हणाली, "दादा, अंबरनाथ गावातून तुझ्या कारखान्याला चालत जाता येतं का रे?" मी म्हटलं, "तुला कशाला?" तर म्हणे, "सहज. भूगोल."

मग मामा आले. बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "पत्रिका जुळत नाही म्हणाले. एक नाड आली."

ज्यांनी घरात मुलीचं लग्न जमवलं आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. मुलगी सावळी वाटली, ठेंगणी वाटली, घर लहान वाटलं, तरी कोणी तोंडावर तसं म्हणत नाही. पत्रिकेवर ढकलतात. दोन्हीकडचा मान राहतो. माझ्या चुलतभावाच्या वेळी मी स्वतःच दोन ठिकाणी हेच कळवलं होतं आणि त्यातली एकही पत्रिका उघडून बघितली नव्हती. त्यामुळे मामांच्या तोंडून ते ऐकल्याबरोबर मी मनातल्या मनात त्याचा अर्थ लावून मोकळा झालो. मुलगी जाड वाटली.

मामा गेल्यावर बहीण भांडी विसळत होती. आई देवळात गेली होती.

"एक नाड म्हणजे काय रे असतं?" तिने विचारलं.

"काही नसतं. तुला कळत नाही का पत्रिका जुळत नाही म्हणजे काय ते? वजन कमी कर."

तिने नळ बंद केला. "तसं म्हणाले ते?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझ्याकडे फक्त एक तर्क होता. पण मी म्हणालो, "हो. मुलगाच म्हणाला मामांना. मुलगी जाड आहे म्हणाला. आईला सांगू नकोस, मामांकडेही विषय काढू नकोस."

 नळ पुन्हा सुरू करून उरलेली भांडी तिने विसळली, पालथी घातली आणि ओटा पुसला. माझ्या मनात तिचं वाईट नव्हतं. शब्द बोचला तर ती जिद्दीला पेटेल असं मला वाटलं. कारखान्यात हाताखालच्या माणसांना मी असंच कामाला लावायचो. वरच्या साहेबांच्या नावावर काहीतरी ठोकून द्यायचं, काम पटकन होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीच मला उठवायला आली.

आम्ही बदलापूर गावाकडून नदीपर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. सुरुवातीला तिला धाप लागायची. वाटेत गोठ्यांतून म्हशी बाहेर काढत असायचे. ती म्हणायची, "दादा, बघ, त्यांनाही त्यांचे दादा पाण्यावर नेतायत." मी हसायचो नाही. पुढे चालत राहायचो, म्हणजे तिला गाठावं लागेल. परत आल्यावर गच्चीत दोरीच्या उड्या. खालच्या बिऱ्हाडाने छताची तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "काकू, अजून थोडे दिवस कळ काढा, मग आवाज येणार नाही." खाण्याचं मी ठरवून दिलं. भात बंद, गोड बंद, तळलेलं बंद. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दुपारच्या डब्यात एक भाकरी आणि पालेभाजी, रात्री ताक आणि काकडीची कोशिंबीर. हे मी एका दिवाळी अंकातला लेख आणि आमच्या कारखान्यातल्या एका व्यायामपटूचं बोलणं यांतून जुळवलं होतं. तिची प्रकृती काय, तिला काय झेपतं, हे डॉक्टरला विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी स्टेशनवरच्या वजनाच्या काट्यावर तिला उभी करायचो. रंगीत चक्र फिरायचं, दिवे लुकलुकायचे आणि जाड तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मी वजन वाचायचो, ती भविष्य. "आपके शत्रु आपके निकट हैं," तिने एकदा मोठ्याने वाचलं. "दादा, तुझ्याबद्दल छापलंय."

असं ती पहिले काही महिने बोलायची. नंतर बोलणं कमी झालं. वजन उतरत होतं, तसं मी भाकरी अर्धी कर म्हटलं तर तिने ती पाव केली. ती माझ्याही पुढे गेली होती. शेठची बायको दुकानात सगळ्यांसाठी दाल-पकवान आणायची. ती मला एकदा दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, "भाईसाब, आपकी बहन पहले माँगके खाती थी. अब देती हूँ तो काग़ज़ में बाँधके चपरासी को देती है. किसी ने कुछ बोला क्या इसको?" मी म्हणालो, "नहीं, नहीं, डाएटिंग." हा शब्द तेव्हा नवा होता, जरा ऐट वाटायची.

आईला ते बघवत नव्हतं. ती भाजीत लपवून तूप घालायची. बहिणीला पहिल्या घासाला कळायचं आणि ती ताट सरकवायची.

"आई, तुला माझं लग्न व्हायला नकोय का?"

"जेवण्याचा आणि लग्नाचा काय गं संबंध, बाय?"

"तुला नाही कळायचं."

आईला खरंच कळत नव्हतं, कारण तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "आई, तू मध्ये पडू नकोस." दोघींचं बोलणं त्या ताटापाशी तुटत गेलं. ज्या घरात ओट्याशी उभं राहून आंबोळ्या खाल्ल्या जायच्या, तिथे आईने आंबोळ्या करणं सोडलं.

वर्ष होत आलं तेव्हा ती ओळखू येत नव्हती. लोक थांबून बघायचे. आमच्या खात्यातले दोघं-तिघं मला बायकोसाठी उपाय विचारायला लागले. मी सांगायचो, अगदी तज्ज्ञासारखा. तिचे केस विंचरताना पुंजक्यांनी निघायचे, भर मे महिन्यात ती अंगावर चादर घ्यायची, हे मला दिसत होतं. मी म्हणायचो, सुरुवातीला होतं तसं.

मग मला एक कल्पना सुचली. तिचा नवा फोटो काढून घेतला आणि कोणालाही न सांगता, कामावरून सुटल्यावर अंबरनाथला त्या मुलाच्या घरी गेलो. आता बघा म्हणावं, आणि त्यांनी पुन्हा विचार करावा.

दार मुलाच्या आईने उघडलं. मला ओळखलं, बसवलं, चहा टाकला. मुलाचं लग्न वैशाखातच झालं होतं. सून माहेरी गेली होती. मी आता उठावं की बसावं या विचारात असताना त्या स्वतःच बोलायला लागल्या.

"तुमच्या बहिणीचं जमलं की नाही कुठे? आम्हाला फार आवडली होती हो. आमच्याकडे पसंत पडल्याशिवाय पत्रिका मागतच नाहीत. पण आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून नाडीचं फार आहे. थोरल्या दिरांच्या मुलीचं एक नाड असताना केलं आणि तिचं काही बरं झालं नाही. त्यामुळे माझं काही चाललं नाही. हा तर महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हता. म्हणायचा, अशी हसणारी मुलगी कुठे मिळणार."

माझ्या हातातून फोटो त्यांनीच घेतला. जवळ धरला, लांब धरला.

"आजारी होती का?" त्यांनी विचारलं.

मी "नाही" म्हणालो, फोटो परत घेतला आणि उठलो. चहा तसाच राहिला.

स्टेशनवर न जाता मी शिवमंदिराच्या बाजूने बराच वेळ चालत राहिलो. घरी जाऊन काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. एवढंच सांगायचं होतं की त्या लोकांनी खरंच पत्रिका बघितली होती, बाकीचं मी बनवलं. पण ते सांगितलं असतं तर ती विचारणार होती, का बनवलंस? शिवाय दोन नवी स्थळं येऊ घातली होती. सगळं मार्गी लागत असताना कशाला, असं म्हणत मी घरी गेलो. तिने ताकाचा पेला पुढ्यात घेतला होता. मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.

ती दोन्ही स्थळं तिने नाकारली. पुढचीही नाकारत गेली. नव्वदनंतर केव्हातरी उल्हासनगरच्या एका शिक्षकाला हो म्हणाली. माणूस चांगला निघाला, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. लग्नात घास भरवताना तिने दातांनी जेमतेम एक शीत टिपलं. मुलगा झाला तेव्हा आईने डिंकाचे लाडू केले, डबा भरून पाठवला. डबा रिकामा परत आला. लाडू शेजाऱ्यांनी खाल्ले, हे आईला नंतर कळलं.

आई आणि मी तोवर बदलापुरातच मांजर्लीला स्वतःच्या जागेत आलो होतो. बहीण माहेरपणाला यायची आणि दोघींची पहिल्या जेवणालाच वाजायची. आई म्हणायची, "माझ्या हातचं तुला विष वाटतं का?" ती म्हणायची, "तू मला पुन्हा तशी करायला बघतेस." मग ती संध्याकाळीच निघून जायची. शेवटच्या आजारातही आईने तिला जवळ बोलावलं आणि जेवलीस का विचारलं. ती खोटं बोलली, "हो." आईला ते कळलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

मागच्या वर्षी बहिणीने बाथरूममध्ये भिंतीला नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं. डॉक्टरने तिच्या सुनेला विचारलं, या असं किती वर्षं खातायत? हाडं पार पोकळ झाली आहेत. मी भेटायला गेलो होतो. ती प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून सुनेला अभिमानाने सांगत होती, "माझ्या दादाने लावलेली शिस्त आहे. तेव्हा तो सोडून कोणी माझ्यामागे उभं राहिलं नाही. आईसुद्धा नाही."

सून चहा करायला गेली तेव्हा मी सांगून टाकलं. मुलगा काहीच म्हणाला नव्हता. पत्रिका खरंच जुळत नव्हती. त्यांना तू पसंत होतीस. मी वर्षभरातच त्यांच्या घरी जाऊन ते ऐकून आलो होतो आणि तुला सांगितलं नाही.

मला वाटलं होतं ती त्या मुलाबद्दल काही विचारेल. तिने विचारलं नाही. 

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे ती नुसतंच जेव म्हणत होती."

"हो."

"आणि मी तिला काय काय बोलले, दादा."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर तिने चांगल्या हाताने तो बाजूला केला, रागाने नाही, जागा हवी असल्यासारखा. सून चहा घेऊन आली. बहीण तिला म्हणाली, "मामांना रिक्षा बघून दे, उशीर होतोय त्यांना." उशीर झालेला नव्हता, दुपार होती.

त्यानंतर तिने फोन केलेला नाही. मी केला की सून उचलते आणि आई झोपल्यात म्हणते. एकदा मी विचारलं, जेवतात का? ती म्हणाली, "मामा, तुम्ही ते विचारू नका असं सांगितलंय त्यांनी."