पदेराचा भोंपू आणि चार कान

"माझ्या नातीक सगळा ऐकाक येता!" आप्पांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "रोज सकाळी पदेराचो भोंपू वाजलो काय ती गेटाकडे धावता. आणि तुमी म्हणतास ती भैरी!"

पदेर म्हणजे आमच्याकडे सायकलवरून पाव विकणारा. हँडलला रबरी भोंपू असतो, तो दाबत गावभर फिरतो. गोव्यात सकाळ त्याच्या भोंपूनेच होते.

मी ऑडिऑलॉजिस्ट. कान किती ऐकतात ते मोजायचं, हे माझं काम. डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांतल्या लहान मुलांच्या घरी मी जाते. त्या दिवशी मुळगावात होते. समोर आप्पा, त्यांच्या पायाशी झाकणांशी खेळणारी अडीच वर्षांची आर्वी आणि दारात तिची आई सुप्रिया. घरात शब्द आप्पांचा चालायचा. मूळचे बांद्याकडचे, तरुणपणी खाणीवर क्रशर चालवायला आले आणि इथलेच झाले. क्रशर म्हणजे दगड फोडायचं अवाढव्य यंत्र. त्यामुळे की काय, आप्पांना हळू बोलणं माहीत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं की शेजारच्या कोंबड्या उडायच्या.

आर्वीची बेरा झाली होती. या टेस्टमध्ये झोपलेल्या मुलाच्या डोक्याला वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते कॉम्प्युटरवर बघतात. रिपोर्ट स्वच्छ होता. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं, पण हिअरिंग एड लावले तर बोलणं पोचलं असतं. एडही आले होते. आप्पांनी डबा उचलून कपाटावर ठेवला होता.

"पोरीच्या कानात खुट्यो घालूक मी देवचंय नाय."

मला राग येतो तो इथे. मुलाला भाषा लागते ती पहिल्या काही वर्षांत. ते दिवस गेले की नंतर डोकं आपटलं तरी तशी लागत नाही. आर्वी अडीच वर्षांची झाली तरी अजून "आई"सुद्धा म्हणत नव्हती, आणि तिचा आवाज कपाटावर धूळ खात होता. डिचोलीला अशा कमी ऐकणाऱ्या मुलांच्या आयांची दर महिन्याला मीटिंग असते. एकीने दुसरीला धीर द्यायचा, सासूसासऱ्यांची उणीदुणी काढायची, चहा प्यायचा. तिथे सुप्रिया रडली होती. "मी चोरून लावीन म्हणते, पण दिवसभर घरात ते असतात, मॅडम." बाकीच्या आया म्हणाल्या, तुम्हीच जा आणि त्या म्हाताऱ्याला सरळ करा. म्हणून मी आले होते.

"बरं," मी म्हटलं, "उद्या सकाळी येते. मला दाखवा ती कशी धावते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्यांच्या ओट्यावर हजर. पायरीवर घरचा कुत्रा झोपला होता. नाव टायगर, अंगावर बरगड्या मोजून घ्याव्यात. पावाचा पहिला तुकडा रोज त्याचा. वळणावर भोंपू वाजला. टायगरने कान टवकारले, उठला, गेटाकडे पळाला. त्याच्या मागोमाग आर्वी.

"बघलास?" आप्पा विजयी.

"बघितलं. आधी कुत्रा उठला."

"छट! कुत्रो तिच्या मागसून गेलो."

"आप्पा, मला डोळे आहेत."

"माका पण आसत!"

असं कुणाचंच कुणी ऐकेना तेव्हा मी म्हटलं, एक दिवस कुत्रा बाजूला ठेवू. ऐकत असेल तर टायगरशिवायही धावेल. धावली तर मी पुन्हा या घरची पायरी चढणार नाही. नाही धावली तर डबा खाली काढायचा. आप्पा ताठ झाले. "कबूल. देवाची शपथ."

खरं सांगायचं तर पैज धोक्याची होती. पोरं कधी काय करतील नेम नाही. एखादी सावली दिसली आणि उगाच उठून पळाली, तर संपलंच.

ठरल्या दिवशी सुप्रियाच्या नवऱ्याने टायगरला स्कूटरवर पुढे बसवून शेतावर नेलं. पदेराला, म्हणजे सांतानला, मी आधीच गाठून सांगितलं होतं, की आज घरामागे कुंपणाआड थांब आणि तिथून वाजव. पुढे आलास तर ती तुला बघेल. तो म्हणाला, "मॅडम, पाव थंड जातले." पण आला बिचारा.

आर्वी ओट्यावर झाकणं मांडत बसली. आप्पा खुर्चीत, मी समोर, सुप्रिया उंबऱ्यावर. तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावी.

मागून भोंपू वाजला. चांगला खणखणीत. आर्वीने एका झाकणावर दुसरं ठेवलं. मान वर नाही.

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा रस्त्याकडे बघत होते.

पुन्हा वाजला. या खेपेला सांतानने जोर लावला. शेजारची बाई खिडकीत येऊन ओरडली, "आज मागल्या दारान कित्याक रे?" आर्वीने तिसरं झाकण ठेवलं.

आप्पांनी मांडी बदलली. "खंय मेलो तो सांतान? आज उशीर केल्यान."

सुप्रियाने माझ्याकडे बघितलं. मी सुप्रियाकडे. 

मग सांतानने भोंपूचा जीव घेतला. एकसारखा वाजवत सुटला.

"वाजव म्हणान सांगा त्येका!" आप्पा कडाडले. "किती वेळ वाट बघूची?"

सांतान सायकल ढकलत घामाघूम पुढे आला. "आप्पा, आनी कितलो वाजयतलो? हात मोडलो म्हजो!"

सुप्रियाने पदर तोंडात कोंबला. मला हसू आवरेना आणि रडूही. आप्पा एकदा सांतानकडे, एकदा माझ्याकडे, एकदा नातीकडे बघत राहिले. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि मोठ्याने, तोंड समोर धरून विचारलं, "आप्पा, रोज पदेर आला हे तुम्हाला कसं कळतं?"

त्यांनी टायगरच्या रिकाम्या पायरीकडे बघितलं. मग म्हणाले, "टायगर उठता."

पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला हळू ऐकू आला. आर्वी मांडीवर चढली तशी त्यांनी तिच्या कानांवरून हात फिरवला. "म्हणजे बायेचा पण तसाच." डोळे पाण्याने भरले होते. मग स्वतःच उठले आणि कपाटावरून डबा काढून सुप्रियाच्या हातात दिला. देवाची शपथ ती.

क्रशरपाशी उभं राहून आप्पांचे कान कधीच गेले होते. समोरच्याचं बोलणं ते ओठ बघून ओळखायचे, आणि घरची माणसं पुटपुटतात, अशी त्यांची समजूत होती. टीव्हीवरच्या बातम्या अख्खा वाडा ऐकायचा, पण त्याला कुणी आजार म्हणत नाही, म्हातारपण म्हणतात. त्यांनाही मशीन बसवलं. पहिल्याच दिवशी बोंबलले, "पेज ढवळण्याचो आवाज एवढो?" कान नव्याने ऐकायला लागले की सगळंच टोचतं. मोठ्यांना आणि लहानांनाही. आर्वी मशीन उपटून कोंबड्यांच्या पाण्यात टाकायची. आजोबांनी काढलं की तीही काढायची, आणि सुप्रिया दोघांना एकाच दमात झापायची. सासऱ्यावर ओरडायची सोय झाली, याचाच तिला जास्त आनंद, असं मीटिंगमध्ये आया म्हणतात.

मीटिंगला आता आप्पाही येतात. पुढच्या खुर्चीत बसतात. नवीन कुणी आजोबा "आमच्या पोराक ऐकाक येता" म्हणून छाती काढून बोलायला लागले की आप्पा मधेच विचारतात, "घरात कुत्रो असा?"

काही महिन्यांनी, मी गाडीत असताना, सुप्रियाचा सकाळीच फोन आला. ती इतक्या जोरात बोलत होती की मला वाटलं आप्पाच आहेत. टायगर पायरीवर गाढ झोपला होता. वळणावर भोंपू वाजला. आर्वी थबकली, कानाला हात लावला आणि उठली. आप्पा मशीन घालायला विसरले होते, त्यांना काही पत्ताच नव्हता. तिने त्यांचं बोट धरलं आणि ओढत गेटाकडे नेलं. "पा," म्हणाली. "पा, पा." टायगर सगळ्यांच्या मागून आला.

मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि मनसोक्त रडले. त्यानंतर नियम केला आहे. मुलाला ऐकू येतं असं घरातलं जो कुणी सांगेल, त्याचे कान आधी तपासायचे.

पावाचा पहिला तुकडा मात्र त्या घरात अजून टायगरलाच मिळतो. मी आप्पांना विचारलं, आता का? तर म्हणाले, "इतकी वर्सां दोघांची नोकरी त्येनी केल्यान. पेन्शन नको?"